ब्रेकवर आई

जिन्यावरून घसरून माझा उजवा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी हौसेने शर्यतीत उतरणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाई त्यांची शर्यतीची गाडी आमच्या घराखालच्या गॅरेजात लावून गेल्या. दुपारी ट्रॅकवर शर्यत होती. चारही टायर बदलायचे होते, आणि पेशंट बघून त्या अकराला परत येणार होत्या.

त्या गाडीच्या चाकाला पाच बोल्ट नसतात. मधोमध एकच नट, तळहाताएवढा. साध्या गाडीच्या बोल्टला लागतो त्याच्या पाचपट जोर त्याला लावावा लागतो, आणि तेवढ्या वेळात चाक फिरू नये म्हणून कुणाला तरी आत बसून ब्रेक दाबून धरावा लागतो. आजवर पाना मी धरायचो, ब्रेक बायको. आता पाना तिच्या हातात आला आणि ब्रेकला माणूस उरला नाही.

आई वरून चहा घेऊन आली होती. बायकोने तिला नुसतं विचारलं, बसाल का म्हणून. आईने चपला काढल्या, पदर खोचला आणि त्या खोलगट सीटमध्ये जाऊन रुतली. गाडी चालवणं सोडा, आयुष्यात ती कधी पुढच्या सीटवरही बसली नव्हती. पण दोन्ही पाय पेडलवर रोवून तिने असा ब्रेक दाबला की चाक जागचं हललं नाही.

बायको अंगाने काटकुळी. तिने नटाचे आटे पुसले, वंगणाची पेस्ट लावली आणि पुरुषभर उंचीचा टॉर्क पाना चढवला. तो हाताच्या ताकदीने ओढायचा नसतो. सगळं अंग त्यावर टाकायचं असतं. ठरलेला जोर भरताच पाना ‘टक्’ करतो. मग नट थोडा सैल करून पुन्हा तेवढाच आवळायचा, म्हणजे चाक नीट बसतं. मी खुर्चीतून सूचना देत होतो. दुसऱ्या चाकानंतर तिने मला गप्प बसायला सांगितलं.

चौथ्या चाकालाही पाना टक् वाजला, पण नटाच्या मधला लॉक, म्हणजे नटाला अडवून धरणारी खिटी, बाहेर आला नाही. तो आला नाही, तर चालत्या गाडीत नट फिरू शकतो. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. घड्याळ बघत म्हणाल्या, आवळलाय ना, मग पुरे, उशीर होतोय.

मीही मान डोलावणार होतो. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत बायको म्हणाली, “नाही. लॉक बाहेर आल्याशिवाय गाडी इथून जाणार नाही.”

तिने नट पुन्हा काढला. आत जुन्या ग्रीसचा दगडासारखा गोळा अडकलेला होता. तो कोरून काढला, सगळं स्वच्छ पुसलं, नवी पेस्ट लावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ब्रेकवर मी बसते. आईने आतूनच सांगितलं, “तुम्ही थांबा. मी उठले तर पुन्हा या खड्ड्यात बसवायला तिघं लागतील.”

बायको पान्यावर ओणवी झाली. टक्. सैल. पुन्हा टक्. आणि लॉक खटकन बाहेर आला. आईला तो आवाज आतपर्यंत ऐकू गेला. तिने टाळ्या वाजवल्या. ब्रेक मात्र सोडला नाही.

ट्रॅकवर आम्ही तिघंही गेलो. सरावाच्या फेऱ्यांनंतर तपासनीसाने प्रत्येक गाडीचे नट पुन्हा पारखले. नट सैल निघाले म्हणून तीन गाड्या परत पाठवल्या. त्यातली एक तर गणवेशातल्या सहा मेकॅनिकांच्या तुकडीची होती. आमच्या गाडीचा एकही नट केसभर सरकला नव्हता. कुणी आवळले, असं त्याने विचारलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे बोट केलं.

शर्यतीत त्या दुसऱ्या आल्या. आम्हाला ते उशिरा कळलं, कारण परत पाठवलेल्या तिन्ही गाड्यांचे मालक पुढच्या शर्यतीआधी नट आवळून घ्यायला बायकोपुढे रांग लावून उभे होते. तिने बाह्या वर सारल्या. आई केव्हाच पहिल्या गाडीचं दार उघडून आत बसली होती.