सहाव्या पायरीवरचा दगड

आमच्या जव्हारच्या स्टेडियमला स्टेडियम म्हणायलाही धीर लागायचा. एका बाजूला सिमेंटच्या अकरा पायऱ्या, त्यातल्या वरच्या चार पडायला आल्या म्हणून दोरी बांधून बंद केलेल्या, आणि समोर मैदान. पण दसऱ्याची कबड्डी आणि दुसऱ्या दिवशीचा ऑर्केस्ट्रा बघायचा तर याच पायऱ्यांवर बसून. समितीचा कारकून म्हणून मी तिथे एकतीस वर्षं काढली. त्या जागेचा मला फार अभिमान होता. आता नाही. का नाही, ते सांगतो.

पायऱ्या गावागावांनी वाटून घेतलेल्या. कुणी लिहून दिलेलं नव्हतं, पण सहावी पायरी सूर्यमाळची म्हणजे सूर्यमाळची. जो माणूस खाली ठाण्या-भिवंडीकडे कामाला गेला असेल, त्याच्या जागेवर घरच्यांनी एक दगड ठेवायचा. तो दगड कुणी हलवत नसे. माणूस परत आला की स्वतःच दगड उचलून टाकायचा आणि बसायचा. तो मेल्याचा निरोप आला, तर निरोप ज्याला आधी कळला त्याने दगड उचलायचा. तोंडाने सांगायचं नाही. घरच्यांनीही विचारायचं नाही, रिकामी जागा बघून समजून घ्यायचं.

तुका सूर्यमाळचा. तो डोंगरावरचा मजूर, मी जामसरच्या शेतकऱ्याचा मुलगा, पण सामन्यात माझी पायरी सोडून मी त्याच्या शेजारी जायचो आणि आम्ही पंचांना मिळून शिव्या घालायचो. ऑर्केस्ट्रातली बाई बेसूर झाली की तो ओरडायचा, बाईला कुणी पाणी द्या. सगळ्या पायऱ्या हसायच्या. लॉकडाउनच्या आधी तो भिवंडीला बांधकामावर गेला. बाकीचे चालत घरी आले, तुका आला नाही. फोन बंद. पोलिसांत नोंद झाली आणि तिथेच राहिली. त्याची बायको रखमी दर दसऱ्याला यायची, दगडावरची धूळ पदराने पुसायची आणि त्याच्या शेजारी बसून अख्खा सामना बघायची. कबड्डीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

गेल्या दसऱ्याला शेवटची स्पर्धा होती, मग पायऱ्या पाडायच्या होत्या. त्यामुळे जव्हार-मोखाड्यातलं झाडून सगळं माणूस लोटलेलं. नेमकी त्याच दिवशी माझी मुलगी निशा नवऱ्याला घेऊन ठाण्याहून आली. पोरीला खाली बायकांत जागा मिळाली, जावई मात्र उन्हात उभा. एकतीस वर्षांचा कारकून, आणि स्वतःच्या जावयाला टेकायला जागा नाही! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सहाव्या पायरीवर गेलो, तुकाचा दगड उचलून माझ्या पिशवीत टाकला आणि जावयाला बसवलं. सामना संपला की परत ठेवू, असं मनाशी म्हटलं.

पायरीवरची माणसं एकदम गप्प झाली. म्हाताऱ्या पोश्याने डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं, जावयाचा मान ठेवला. माझ्यासारखा गाढव मीच.

रखमी मध्यंतरानंतर आली. जावई तुकाच्या जागेवर शेंगा सोलत बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात वर करून तिला बोलावलं. ती तशीच वळून फाटकाकडे गेली. गर्दीला कंटाळली असेल असं वाटलं आणि मी पुढची चढाई बघायला लागलो. नंतर जावयाला धबधबा दाखवायची घाई झाली. दगड पिशवीत, पिशवी खुंटीवर.

महिन्याभराने जीपवाला कमलेश भेटला. सहज म्हणाला, तुकाचे दिवस घातले, तुम्ही कसे नाही आलात? निरोप तर तुम्हीच दिला होता.

दगड घेऊन त्याच्याच जीपने सूर्यमाळ गाठलं. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते हेच.

रखमी अंगणात नागली पाखडत होती. मी सगळं सांगितलं. निरोप कसलाच आला नव्हता, जावयाला बसायला जागा हवी होती, एवढंच. सांगताना मला माझीच किळस आली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने सूप खाली ठेवलं.

"मना वाटला, तुमी कचेरीतलं मानूस, तुमाला बरोबर कळला असंल," ती म्हणाली. "पाच वर्षा मी रडली नवती. तवा रडली. पोरीला सांगितला, तुझा बास गेला. त्याचं कपडं वाटून टाकलं."

मी म्हटलं, "वहिनी, चुकलो."

"आता तो दारात आला तं मी त्याला काय म्हनू, रघुभाऊ? तुझं दिवस घातलं, आता परत जा?"

मी दगड तिच्यापुढे ठेवला. तिने तो उचलला, पदराने पुसला, नेहमी पुसायची तसाच, आणि माझ्या हातात परत दिला.

"दिवस घातलं तं घातलं," ती म्हणाली. "तुमी हा त्याच्या जागंवर ठेवा. पुढल्या दसऱ्याला मी येते."

जेसीबी सोमवारी येऊन गेला होता. अकराच्या अकरा पायऱ्या आडव्या झाल्या होत्या, सिमेंटचे तुकडेही ट्रकने नेले होते. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

"ठेवतो," मी म्हणालो.