डाव्या पंखाची नळी

दादा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी मालक आमच्या घरी आले, खुर्चीच्या कडेला टेकले आणि वहिनीला म्हणाले, "पंखाची शिवण उसवली. काय करणार, नशीब!"

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. शिवण माझी होती.

त्यांच्या कारखान्यात मायक्रोलाइट विमानं बनायची. नळ्यांचा सांगाडा, छोटं इंजिन, वर ताणून बसवलेलं कापड. ते कापड मी अकरा वर्षं शिवत होते. नवं विमान पहिल्यांदा उडवून बघायचं काम दादाचं. उतरला की चिडवायचा, "टेलरबाई, सदरा काखेत जरा घट्ट झालाय!"

त्या सकाळी मी शेडच्या दारात उभी होते. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या वळणावर, वाऱ्याने छत्री उलटावी तसा डावा पंख वर दुमडला. विमान धावपट्टीपलीकडे कोसळलं. मी धावत पोचले तेव्हा फोरमन आडवा आला. "नको बघूस," म्हणाला. मी बघितलं.

आणि आता हा माणूस म्हणत होता, शिवण. वहिनीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तो सगळा दिवस मी स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. सुटला असेल का एखादा टाका?

दुसऱ्या दिवशी तडक शेडमध्ये गेले. मोडलेलं विमान जमिनीवर मांडून ठेवलं होतं. चौकशी अधिकारी काहीतरी लिहीत होते, बाजूला फोरमन.

"बाई, आत यायला परवानगी नाही."

"आळ माझ्यावर आहे, साहेब. माझं काम मला बघू द्या."

ते बाजूला झाले. मी गुडघ्यांवर बसून बोटभर बोटभर शिवण तपासली. कापड मधूनच टरकलं होतं. टाका एकही सुटला नव्हता. मग पंखाला खालून आधार देणारी नळी उचलली. जिथे तुटली तिथे अर्धी कड लख्ख होती, अर्धी काळपट, जुन्या भेगेसारखी.

"साहेब, हे चार दिवसांत काळं पडतं का?"

त्यांनी चष्मा वर केला. मी नखाने रंग खरवडला. पांढऱ्याखाली निळा निघाला. निळं विमान आमच्याकडे एकच होतं, गेल्या वर्षी उतरताना उलटलेलं.

फोरमनची मान खाली गेली. "मालक म्हणाले, सरळ करून रंग मार. नवी नळी यायला महिना लागेल, गिऱ्हाईक थांबणार नाही."

"दादाला सांगितलंस?"

"नाही."

"रोज त्याच्या शेजारी बसून डबा खायचास रे तू!"

तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही, खोटं कशाला बोलू? साहेबांनी लिहिलेलं पान फाडलं आणि त्याचा जबाब घेतला.

चार महिन्यांनी अहवाल आला. दोष जुन्या नळीचा. मालकांचा परवाना रद्द. पण शेवटी एक ओळ होती: वैमानिकाने उड्डाणापूर्वी नळीतील दोष ओळखणे अपेक्षित होते.

इतके दिवस घरात सावलीसारखी वावरणारी वहिनी ताडकन उठली. "रंगाखालचं दिसायला त्याच्या डोळ्यांत काय यंत्र बसवलं होतं?"

आम्ही दोघी कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, "ताई, अहवालाची भाषा अशीच असते."

"मग भाषा बदला," वहिनी म्हणाली. "उद्या माझी मुलगी हा कागद वाचेल. बापाची चूक होती असं वाचेल ती?"

त्यांनी अर्ज करायला सांगितलं. केला. मग वरिष्ठ रजेवर, मग फाइल सापडेना. वहिनी रोज सकाळी दहाला जाऊन त्यांच्या टेबलासमोर बसायची. नव्या कामावर सुट्टी असेल तेव्हा मी सोबत. तीन आठवड्यांनी नवी प्रत हातात आली. ती ओळ नव्हती. वहिनीने तिथेच उभ्याने दोनदा वाचून खात्री केली.

मालकांवर खटला चालू आहे. ते जामिनावर आहेत आणि आता मेव्हण्याच्या नावावर होड्या बनवतात म्हणे. फोरमन माफीचा साक्षीदार होऊन सुटला. मी रस्त्यात दिसले की तो थांबतो, काहीतरी बोलायचं असतं त्याला. मी थांबत नाही.