हळदीचं अंग

"कधीपासून पिवळी दिसतेय?" डॉक्टरबाईंनी बाळाच्या कपाळावर अंगठा दाबून उचलला.

"आजच," अंगद म्हणाला. "सकाळी दूध वढंना, म्हणून बघितलं तर..."

बाईंनी तळपाय पाहिले. तेही पिवळे होते. मग त्या योगिताकडे वळल्या. "सहा दिवसांचं लेकरू. आईचं लक्ष कुठे होतं?"

योगिताने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती चार शब्द बोलली असती तर अंगदला सोपं गेलं असतं.

धारूरच्या बसस्टँडमागे अंगदचं गाड्या रंगवायचं दुकान होतं. दहा वर्षं उन्हात तापलेल्या ट्रॅक्टरचा लाल रंग कुठल्याच डब्यात मिळत नाही. अंगद नुसता बघायचा, लालात थोडा काळा, थेंबभर पिवळा घालायचा, आणि नवीन रंग दिलेला तुकडा कुठला हे मालकालाही सांगता यायचं नाही. मांजरसुंब्याहून लोक त्याच्याकडे गाड्या घेऊन यायचे. अशा माणसाला पोटच्या पोरीचा रंग सहाव्या दिवशी दिसला, यावर धारूरात कुणी विश्वास ठेवला नसता. इथे अंबाजोगाईच्या दवाखान्यात त्याचा धंदा कुणाला ठाऊक नव्हता.

त्याला तिसऱ्याच दिवशी दिसलं होतं. योगिताला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही सासरीच. अंगदची आई वच्छलाबाई हिने बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीला जाड चादर लावली होती. बाळाला रोज बेसन, तेल आणि हळद चोळून न्हाऊ घालणं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी योगिता हळूच म्हणाली, "जरा उजेडात बघा की हिला." अंगदने लेकीला दारापाशी आणलं. तिने डोळे किलकिले केले. बुबुळाभोवतीचं पांढरं पिवळसर दिसत होतं. हळद डोळ्यांत उतरत नाही, एवढं त्याला कळत होतं.

"आई, दवाखान्यात दाखवून आणू का?"

"कावून? हळदीचं अंग हाय ते," वच्छलाबाई म्हणाली. "पाचवी पुजल्याबिगर लेकरू उंबऱ्याभाईर काढायचं न्हाई. सटवाई यायची हाय अजून, आन् तू कुटं चाललास पोरगी घेऊन?"

त्याच दुपारी बाळ-बाळंतिणीची चौकशी करायला आरोग्य खात्याची आशाताई अंजना आली. वच्छलाबाईने आतूनच सांगितलं, बाळ निजलंय. अंजनाने दारात उभ्या अंगदला विचारलं, "दादा, पिवळं दिसायलं का लेकरू?"

मागे आई उभी होती. गरोदरपणात तो योगिताला दर महिन्याला तपासणीला न्यायचा, तेव्हा आईने गल्लीभर सांगितलं होतं की पोरगा बायकोच्या ताटाखालचं मांजर झाला. ते त्याला लागलं होतं.

"न्हाई ताई," तो म्हणाला. "लई चांगलं हाय."

अंजनाने वहीत लिहून घेतलं आणि ती गेली. आतल्या खोलीत योगिताने ते ऐकलं होतं. पाचव्या दिवशी पाटा-वरवंट्याची पूजा झाली, भावकी जेवून गेली, आणि सहाव्या दिवशी सकाळी पोरीने दूध ओढायचं सोडलं.

आता ती निळ्या लाईटखाली उघडी झोपली होती. डोळ्यांवर पट्टी होती. त्या उजेडात तिचा रंग अंगदला काही केल्या ओळखता येईना. योगिता बाकावर पाठ फिरवून वाटीत दूध पिळत होती.

तासाभराने डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या. "रक्तातल्या काविळीचा आकडा एकवीसच्या वर आहे. हळूहळू चढली असती तर काही तास लाईटवर ठेवून बघितलं असतं. पण तुम्ही म्हणताय आजच दिसली. एका दिवसात एवढी चढली असेल तर थांबता येणार नाही, अंगातलं रक्त बदलावं लागेल. त्यात धोका असतो. इथे सही करा."

अंगदने पेन हातात घेतलं. कागदावर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आज सकाळपासून पिवळी'.

"बाई, म्या खोटं सांगितलं," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशीच दिसली व्हती. आशाताईनं इचारलं, तवा बी न्हाई म्हनलो. हिची काई चूक न्हाई. हिनंच मला दाखवलं व्हतं."

योगिताचा वाटीवरचा हात थांबला. बाईंनी कागद परत घेतला आणि ती ओळ खोडली.

"काय करता तुम्ही?"

"गाड्या रंगवतो."

बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "पुन्हा रक्त तपासू. आकडा वाढला नाही तर लाईटवरच ठेवू," एवढंच म्हणून त्या गेल्या. चारचौघांत त्यांनी झापलं असतं तर चाललं असतं. धरणीने पोटात घ्यावं असं अंगदला वाटत होतं, आणि धरणी काही घेत नव्हती.

रक्त बदलावं लागलं नाही. संध्याकाळी आकडा अठरावर आला, दुसऱ्या दिवशी चौदावर. पोरगी वाटी-चमच्याने दूध प्यायला लागली, मग अंगावर. तिसऱ्या दिवशी लाईट काढला आणि बाईंनी सांगितलं, घरी गेल्यावर रोज खिडकीपाशी नेऊन रंग बघायचा, पिवळेपणा वाढला तर लगेच यायचं.

अंगद चहा घेऊन वॉर्डात आला तेव्हा योगिता लेकीला घेऊन खिडकीत उभी होती. शेजारच्या खाटेवर सरस्वतीबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं.

"मावशी, जरा बघा बरं," योगिता म्हणाली. "पिवळी दिसायली का?"

सरस्वतीबाईंनी पदराने चष्मा पुसला. "मला कुटं धड दिसतंय, माय. तुझा मालक आला बघ. त्यो पेंटर हाय म्हनलीस ना? त्याला दाव की."

"तुमीच बघा, मावशी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. सरस्वतीबाई नातवाला खाटेवर ठेवून उठल्या आणि पोरीच्या तोंडाजवळ वाकल्या.

अंगदने चहा खाली ठेवला. पुढे होऊन त्याने खिडकीचा पडदा बाजूला ओढला आणि म्हातारीचं बघून होईपर्यंत तसाच धरून ठेवला.