चाकातला निखारा

मित्रांनो, माझे पाय आखूड आणि वाकडे आहेत, म्हणून हसू नका. माझी जातच तशी. इंग्लंडातल्या जुन्या खाणावळींत चुलीशेजारी भिंतीवर मोठे लाकडी चाक बसवलेले असे. कुत्र्याने त्या चाकात धावायचे, म्हणजे त्याला जोडलेली सळई फिरे आणि तिच्यावरचे मांस सगळीकडून सारखे भाजे. मी तसल्याच एका चाकातला म्हातारा कुत्रा. माझे नाव टिंकर.

चुलीजवळ आम्ही दोघे होतो, मी आणि फॅन नावाची कुत्री. एक दिवस तिचा, एक दिवस माझा. आज कोणाची पाळी, हे आम्हाला सांगावे लागत नसे. फॅनच्या दिवशी मला कोणी हाक मारली, तर मी सरळ कोळशाच्या खोलीत जाऊन बसे. स्वयंपाकीण हॅनाबाई हसून म्हणायच्या, "याला वार कळतात बघा."

आमचे मालक जोसाया पर्नेल म्हणजे देवमाणूस, असे सगळे गाव म्हणे. रविवारी ते आम्हाला चर्चमध्ये नेत, थंडीत स्वतःच्या पायांना ऊब हवी म्हणून. मला ती सकाळ फार आवडे. पाद्रीबाबा थोडे बोलत, मग सज्ज्यातले गायक तोच विचार गाऊन पुढे नेत. मालकांचा खर्ज असा घुमे, की तो त्यांच्या पायांतून माझ्या पाठीत उतरे. दयेचे पद आले की त्यांचे डोळे भरून येत. मला वाटे, अशा माणसाच्या पायाशी जागा मिळाली, आणखी काय हवे?

त्या सुमारास नवा कायदा झाला होता. जनावराला निर्दयपणे मारणे हा आता गुन्हा होता. एमस गेज नावाचा गाडीवान टेकडीच्या चढावर आपल्या घोडीला चाबकाच्या मुठीने मारताना मालकांनी पाहिला आणि न्यायाधीशापुढे साक्ष दिली. गेजला दंड झाला. रविवारी पाद्रीबाबा सर्वांसमक्ष म्हणाले, "पर्नेल मुक्या जिवांची वाचा झाले." मी पायांखाली शेपटी हलवली. मनात म्हटले, आता आपलेही दिवस पालटणार.

त्याच दुपारी मालकांनी मोठी मेजवानी ठेवली होती. पाळी फॅनची होती, पण तिचा पंजा सुजला होता.

"मालक, हिला उभंसुद्धा राहवत नाही," हॅनाबाई म्हणाल्या.

"मग टिंकरला घाल."

"काल दिवसभर तोच पळालाय. आज तो कोळशात जाऊन बसलाय, यायचा नाही."

मालक स्वतः आले. दारात वाकून म्हणाले, "ये रे माझ्या राजा."

मित्रांनो, दुसऱ्या कोणी हाक मारली असती तर मी हललो नसतो. त्या आवाजावर मी बाहेर आलो. त्यांनी मला उचलले, चाकात ठेवले आणि त्याचे दार लावून घेतले.

तीन तास धावलो. मग पाय अडखळू लागले आणि मांस एका बाजूने करपू लागले.

"एक निखारा टाक त्यात," मालक म्हणाले.

हॅनाबाईंनी चिमटा खाली ठेवला. "ते तुमचं तुम्ही करा. माझ्यानं नाही व्हायचं."

मालकांनी चिमटा उचलला. सकाळचेच दयेचे पद गुणगुणत त्यांनी लाल निखारा माझ्या पायांमागे टाकला. मी पळालो.

तेवढ्यात मागच्या दाराशी गेज आला. पाद्रीबाबांनी सांगितले म्हणून तो क्षमा मागायला आला होता, टोपी हातात धरून. केस जळाल्याचा वास आला तसा तो चाकापाशी थांबला.

"मालक, माझी घोडी तुम्हाला टेकडीवर दिसली. हा चुलीपाशी दिसत नाही होय?"

"कायदा वाच, गेज," मालक शांतपणे म्हणाले. "त्यात घोडा आहे, गाय आहे, मेंढी आहे. कुत्रा नाही."

"वाचता आलं असतं तर गाडी हाकली असती का मी?"

गेजने चाकाचे दार उघडले, निखारा उघड्या हाताने उचलून फरशीवर फेकला आणि हात झटकत म्हणाला, "माफी मागायला आलो होतो. राहू दे आता." टोपी चढवून तो निघून गेला.

मालकांनी चाकाचे दार पुन्हा लावले. मांस अजून अर्धे कच्चे होते.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मालकांनी सवयीने पाय पुढे केले. मी तसाच लंगडत शेवटच्या बाकापर्यंत गेलो. तिथे गेज बसला होता, हाताला चिंधी बांधून. मी त्याच्या बुटांवर अंग टाकले. "ये रे माझ्या राजा," मागून हळूच हाक आली. मी गेलो नाही. मग गाणे सुरू झाले. काय सांगू, तो खर्ज अजूनही गोडच लागला.

फॅनला पुढचा हिवाळा दिसला नाही. बारा वर्षांनी कायद्यात कुत्र्याचेही नाव आले. त्याच्या आधीच आमच्या चाकाच्या जागी लोखंडी यंत्र बसले होते. माझी दया आली म्हणून नव्हे, यंत्राला भाकरी लागत नव्हती म्हणून.

मित्रांनो, कायदा हळू चालतो. तो घोडीपाशी आधी पोचला, माझ्यापाशी म्हातारपणी आणि फॅनपाशी पोचलाच नाही. तुमच्या दयेने त्याची वाट पाहू नये. आणि एवढे करा: मुक्या जिवाला गोड हाक मारण्याआधी, त्याला कशाला बोलावतो आहोत, ते स्वतःला विचारा. आम्ही कायदा ऐकून येत नाही, तुमचा आवाज ऐकून येतो.