हायपोतली आठ मिनिटे

कावळीचे पणजोबा काचेवर फोटो काढीत, आजोबा फिल्मवर, आणि बाप, म्हणजे माझा मुलगा, पासपोर्टचे फोटो काढता काढता अकाली गेला. कावळी ही माझी नात. बोलू लागल्यापासून प्रत्येक गोष्टीवर 'का? का?' करते, म्हणून हे नाव मीच ठेवले.

या घराण्याची डार्करूम चाळीस वर्षे मी सांभाळली. कागद डेव्हलपरमध्ये किती वेळ, मग हायपोच्या द्रावणात किती, हे मला तोंडपाठ होते. का, हे मी कधी विचारले नाही; मला विचारण्याची कुणाची छाती झाली नाही.

गेल्या महिन्यात समोरची शिंपीण कापडात गुंडाळलेली फ्रेम घेऊन आली. तिचा मुलगा सहाव्या वर्षी तापाने गेला, त्याचा हा एकुलता एक फोटो. सदऱ्याची बटणेसुद्धा मोजता येत होती. चेहऱ्याच्या जागी मात्र तपकिरी डाग.

"वहिनी, त्या भिंतीवर ऊनसुद्धा येत नाही हो. मग मीच बघून बघून झिजवला का?"

"काहीतरीच काय बोलतेस? ओल लागली असेल."

ती गेल्यावर कावळीने मला समोर बसवले. या घरात मला कुणी बसवत नाही. त्या दिवशी मी बसले.

"आजी, हा हायपोत किती वेळ होता?"

"दहा मिनिटे. नेहमीप्रमाणे."

"खरं सांग. कागदावर चांदीचा क्षार असतो. उजेड लागेल तिथली चांदी डेव्हलपरमध्ये काळी होते. न लागलेली तशीच बसून राहते, ती हायपो विरघळवून नेतो. पुरती नेऊ दिली नाही, तर ती वर्षानुवर्षं काळवंडत जाते. फोटोत सगळ्यांत उजळ काय असतं?"

"चेहरा," मी म्हणाले.

शिंपिणीच्या मुलाला जाऊन तेव्हा एकच दिवस झाला होता. ती डार्करूमच्या दाराबाहेर रडत उभी होती आणि मला ते ऐकवेना. दोन मिनिटांत हायपोतून कागद उचलला, नळाखाली धरल्यासारखा केला आणि तिच्या हाती दिला. जन्मात एकदाच मी घड्याळ पाहिले नाही, तेही दया आली म्हणून.

निगेटिव्ह ह्यांनी धुतलेली, म्हणून शाबूत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिंपिणीला बोलावले आणि या वेळी दाराबाहेर ठेवले नाही. लाल उजेडात कागदावर आधी केस उमटले, मग डोळे. कागद हायपोत सोडला. दोन मिनिटे झाली.

"झालं का, वहिनी?"

"नाही. अजून आठ. मागच्या वेळी तुझी आठ मिनिटे मी खाल्ली. तू काही झिजवले नाहीस. चूक माझी होती."

कावळीने 'का' विचारले नाही.

दहा भरली तेव्हा मी दिवा लावला. शिंपीण ट्रेवर वाकली.

"वरचा दात पडला होता त्याचा," ती म्हणाली. "मी विसरलेच होते."

मग कागदातला हायपो पुरता धुऊन जावा म्हणून तासभर त्यावर नळ वाहत राहिला, आणि पाणी बंद करायला मी कुणाला हात लावू दिला नाही.