शेवटाकडून फाडलेली कादंबरी

पान ३५२

फाडायचं तर शेवटापासून, हे पंढरीनाथ कुठं शिकले कोण जाणे. मंगळवारी सकाळी सात वाजता जपानमधल्या उरायासूच्या त्या दोन खोल्यांत टर्र टर्र आवाज सुरू झाला. धीरज अंथरुणातून उठून आला, तर वडील टेबलाशी बसून कादंबरी सोलत होते. शेवटचं पान त्यांच्या डाव्या मुठीत चुरगळलेलं होतं आणि पुस्तकांचं कपाट रिकामं. ड्रॅगनच्या, परग्रहांच्या, पुरुषांनी पुरुषांवर जीव टाकल्याच्या, सगळ्या कादंबऱ्या गेल्या होत्या.

कुठं आहेत, त्यानं विचारलं. खाली कचऱ्यात, वडील म्हणाले. नीट बांधून ठेवल्यात, पांढऱ्या दोरीनं, उभ्या-आडव्या. तुझा तो केन रद्दी बांधतो तशा.

पान ३४०

इथपर्यंत दोघांचं वाचून झालं होतं. बारा पानं उरली होती.

धीरज आणि केन एकच प्रत वाचायचे. डावा समास केनचा, उजवा धीरजचा, आणि खुणेच्या पुढे एकट्यानं जायचं नाही. केन जपानीत लिहायचा, धीरज मराठीत. कोणी काय लिहिलं ते एकमेकांना समजावण्यात रविवार संपायचा. पुण्याहून वडील तीन महिन्यांसाठी येणार म्हटल्यावर धीरजनं केनला रूममेट करून टाकलं, त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. पुस्तकं मात्र तशीच ठेवली. इंग्रजी जाडजूड पुस्तकं कोण उघडून बघतंय?

पी.टी.चे सर म्हणून निवृत्त झालेल्या माणसानं आठ दिवसांत सगळे उजवे समास वाचून काढले.

पान २१२

या पानावर जहाजाचा कप्तान शत्रूच्या सैनिकाचा गळा आवळतो, आवळत राहतो आणि मग सोडतो. धीरजनं शेजारी लिहिलं होतं: मी नसता सोडला.

टर्र.

त्यानं पुस्तकाला हात घातला तशी पहिली थप्पड बसली. तेहतीस वर्षांचा धीरज, रसायनशास्त्रातला पीएचडी, हात खाली सोडून उभा राहिला. पंधराव्या वर्षी राहिला होता तसाच. तेव्हा एका मुलाविषयी लिहिलेली वही सापडली होती. तेव्हा वडिलांनी त्याचा उजवा हात दाराच्या फटीत धरला होता आणि दार लावलं होतं. दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. त्यानं अक्षर वाकडं झालं, आणि त्या वाकड्या अक्षरावरूनच वडिलांनी आता समासातला माणूस ओळखला होता.

दुसरी थप्पड. कानात शिट्टी.

मग खुर्ची. मग स्टीलचा डबा. पोहे जमिनीवर, पोह्यांवर नाकातलं रक्त.

"आज संध्याकाळच्या आत त्याला घराबाहेर काढ," वडील म्हणाले. "नाहीतर मी काढतो. माझी पद्धत तुला माहितीये."

पान ९७

फाडणं इथं थांबलं. समासात केनचं चित्र होतं, एका छत्रीखाली दोन अंतराळवीर.

पुन्हा हात उठला तेव्हा धीरजनं मनगट पकडलं. नुसतं पकडायचं होतं. पण ते बारीक निघालं, म्हातारं निघालं, आणि ते कळताक्षणी त्यानं पिळलं. वडील गुडघ्यांवर आले. आतमध्ये काहीतरी कट्कन वाजलं आणि धीरजला बरं वाटलं. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. त्यानं आणखी पिळलं.

सकाळचं धावणं आटोपून परतलेला केन दारातूनच झेपावला. घामेजल्या हातांनी मागून कमरेला विळखा घालून धीरजला ओढू लागला. ओरडला नाही. कानाशी जपानीत एकच म्हणत राहिला, पुरे, धीरज, पुरे.

पान १

बेल वाजली.

तळमजल्यावरच्या बाई, ओकादा-सान, दोन्ही हातांत पुस्तकांचे गठ्ठे. प्रत्येकावर लाल कागद चिकटवलेला: आज नेता येणार नाही. मंगळवार जळणाऱ्या कचऱ्याचा, रद्दी एक बुधवार आड. पंढरीनाथांनी केनची गाठ बघून उचलली होती, वार नाही.

बाईंनी धीरजचं नाक पाहिलं, आतला पसारा पाहिला आणि मान लववून विचारलं, पहिल्या पानावर दोन नावं आहेत, तर पुस्तकं नक्की कुणाची?

तीन वर्षं असल्या प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं होतं: मित्राची. मागे केन अजिबात हलत नव्हता.

"दोघांची," धीरज म्हणाला. "आम्ही जोडीदार आहोत."

मग पुढच्या वेळी बुधवारी ठेवा, असं सांगून बाई गेल्या.

"काय बोललास तिला?" वडिलांनी जमिनीवरूनच विचारलं.

त्यानं मराठीत सांगितलं. एक शब्दही मऊ केला नाही.

पानाला आकडा नाही

केननं टॅक्सी बोलावली आणि टॉवेलात बर्फ बांधून पंढरीनाथांपुढे धरला. त्यांचा डावा हात धड होता, पण त्या मुठीत शेवटचं पान होतं. त्यांनी मूठ उघडली नाही. दात आवळून तो सुजलेला, लोंबणारा उजवाच हात पुढे केला.

"शेवटी दोघंही मरतात," ते धीरजकडे बघून म्हणाले.

ते काय म्हणाले, केननं विचारलं.

धीरजनं बाहीला नाक पुसलं.

"म्हणतात, शेवटपर्यंत वाचलंय."