आकाशाला वाक्य नाही

मी आकाश बोलतोय. आणि माझ्यामुळे रजनीला रात्ररात्र झोप नव्हती, हेही आधीच कबूल करतो.

दचकू नका. मी निळ्या पॉलिस्टरचं आकाश. खरं आकाश देवाने नुसतं म्हटलं आणि झालं. मला सुरतेत, पर्वत पाटिया भागातल्या लूमवर एका कारागिराने केलं, तेही मध्येच चहाला जाऊन. तेवढ्यात माझ्यावर तेलाचा डाग पडला आणि बाजारात मी ‘डॅमेज’च्या ढिगात आलो. रजनीने मला तिथून उचललं.

रजनी सुरतेतल्या एका बँक कारकुनाची बायको, बीए झालेली. तिची नेहा मिशनच्या शाळेत दुसरीत. गॅदरिंगला नाटुकलं होतं: देव आकाश निर्माण करतो आणि मग आदामापासून नोहापर्यंतचे पूर्वज ओळीने येतात. "मी शेथ. नऊशे बारा वर्षं जगलो," असं प्रत्येकाने म्हणायचं आणि मेल्यासारखं आडवं पडायचं. नेहाला काम मिळालं आकाशाचं. मला डोक्यावरून घेऊन, हात पसरून, मागे उभं राहायचं. वाक्य एकही नाही.

"माझी आई सासरी मुकी, मी शाळेत कायम झाड आणि आता पोरगी आकाश," रजनी नवऱ्याला म्हणाली. "ही कसली वंशावळ आपली?"

"ड्रेसचं भाडं तरी लागत नाही आकाशाला," श्रीकांत पेपरामागून म्हणाला. त्या पेपराकडे रजनीने असं पाहिलं, की मीच जरा आकसलो.

तिने नेहाच्या उज्ज्वला टीचरकडून मराठी बायबल मागून आणलं, नीट वाचलं आणि आणखीच खचली. उजेड केला तेव्हा देवाने पाहिलं, की तो चांगला आहे. समुद्र, झाडं, सूर्य, मासे, सगळे चांगले. दुसऱ्या दिवशी आकाश केलं, तेवढं मात्र कुणी चांगलं म्हटलेलं नाही! मला माझा डाग आठवला.

धीर द्यायला शेजारचे श्रीरंगकाका आले. पोस्टातून निवृत्त झालेले काका. तिकडे पत्रं वाटली, आता अर्थ वाटतात.

"पोरी, शब्दाला धरून बसू नकोस. हे सगळं प्रतीक आहे. निकाल राखून ठेवलाय आकाशाचा!"

"आणि आदामाची नऊशे तीस वर्षं, काका?"

"वर्षं नव्हेतच ती. नऊ म्हणजे नवविधा भक्ती. तीस म्हणजे महिन्याच्या तिथी. रोज भक्ती करा, असा साधा निरोप आहे."

"मग शेथाची बारा?"

"ज्योतिर्लिंगं," काका क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले.

"विमा कंपनीचं काय झालं असेल?" श्रीकांत पुटपुटला.

रजनीने डागावर टिकल्यांची एक मोठी चांदणी शिवली होती. काकांनी चष्मा सरकवून ती पाहिली आणि त्यांचे डोळे पाणावले. "एकच चांदणी! एकच तत्त्व! ही दृष्टी तुला कुणी दिली, पोरी?"

रजनीने खाली पाहिलं. बाजारातल्या तेलकट ढिगाची गोष्ट तिने काकांना सांगितली नाही. मीही डाग चांदणीखाली आणखी दडवला. पहिल्यांदाच कुणीतरी मला तत्त्व म्हणत होतं.

पण अर्थाने तिची काळजी काही गेली नाही. पोर गप्प उभी राहायला शिकली की जन्मभर तशीच राहते, हे ती स्वतःवरून जाणत होती. तालमी रोज चालायच्या; एक दिवस ती शाळेत थडकलीच. मी तेव्हा नेहाच्या डोक्यावरून पसरलेलो होतो.

"बरं झालं आलात," उज्ज्वला टीचर म्हणाल्या. "आमच्या मथुशलहाला कांजिण्या आल्यात. सगळ्यांत जास्त जगलेला पूर्वज, मोठं वाक्य आहे. नेहाला देऊ? आकाश काय, भिंतीवर खिळे ठोकून टांगता येईल."

खिळे! माझं अंग शहारलं. रजनीचा चेहरा मात्र उजळला. "द्या, द्या," ती म्हणाली आणि घाईने माझ्या कडेला हात घातला.

इथे जरा थांबतो, कारण माझं आजचं ठिकाण सांगायचं राहिलं. हल्ली मी रजनीच्या शिलाई मशीनवर पांघरलेला असतो. काका येतात तेव्हा अजून माझ्या सुरकुत्यांतून काहीबाही काढतात. माझं एकच मागणं आहे: माझा अर्थ खुशाल लावा, पण आत कुणी उभं असेल तर आधी त्याला विचारा. रजनीने त्या दिवशी तेच केलं, जरा उशिरा. माझी कड उचलून तिने आत डोकावलं.

"नेहा, तुला बोलायचं काम मिळतंय! मथुशलह होतेस ना?"

"नको," नेहा म्हणाली. "तो कितीही जगला तरी शेवटी मरूनच पडतो. सगळे पडतात. हनोख एकटा मरत नाही, त्याला देव वर घेतो. म्हणजे हनोख झालेला मुलगा माझ्याकडे आत येतो, मम्मी. अंधार बघून रोज रडतो."

"पण तुला एकही वाक्य नाही गं, बाळा."

"कोण म्हणतं नाही? तुम्हाला बाहेर ऐकू येत नाही एवढंच. मी त्याला सांगते, रडू नको, मी आहे ना इथे. आणि स्वर्गाला नाक पुसू नको, मम्मीने आत्ताच इस्त्री केलीय."